डोळ्याखालची निळी शीर आणि गालावरचे लाल धागे

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एक शिक्षिका नवऱ्यासोबत माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात आल्या. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं. "मॅडम, ही नस काढून द्या नं. फोटोत पहिले हीच दिसते." जानेवारीच्या शेवटी भाचीचं लग्न होतं. म्हणजे हातात सात आठवडे.

त्यांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. लिहायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली, पण एक अट घातली: "क्रीमचं मात्र नक्की लिहा." त्या क्रीमपर्यंत येतेच. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात क्रीम कुठेच नव्हती, हे आधी सांगायला हवं.

डोळ्याखालची शीर खरोखरच ठळक होती. डाव्या पापणीच्या खालून गालाच्या हाडाकडे तिरकी उतरणारी, अंदाजे दीड मिलिमीटर जाड, निळसर. खाली वाकल्या की फुगायची, उताणं झोपवून डोकं थोडं उंच केलं की बसायची. गेल्या दोन वर्षांत त्यांनी नऊ किलो वजन कमी केलं होतं, आणि चेहऱ्यावरची चरबी उतरली की आधीपासून तिथेच असलेल्या शिरा वर आल्यासारख्या दिसतात. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ. तिच्यामागे काही लपत नाही. हा आजार नव्हता.

त्यांचा चेहरा मात्र आजारी होता, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर बारीक लाल धाग्यांचं जाळं पसरलं होतं. काचपट्टीने दाबलं की नाहीसं व्हायचं, काच उचलली की क्षणात भरायचं. त्वचा चकचकीत, ताणलेली, कागदासारखी पातळ झालेली. गालाच्या कडेला बारीक लव वाढलेली. मधूनच दोन-चार पुळ्या. या सगळ्याला त्या म्हणायच्या, "चेहरा थोडा लाल राहतो, उन्हाचं आहे." शाळा कामठी रोडला, जाणं-येणं मोपेडवर, स्कार्फ बांधून. नागपुरात ही समजूत कुणाचीही होईल. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी गाडी चालवून आलेल्या कोणाचाही चेहरा तांबूस दिसतो.

त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप लावला. भिंगातून लाल, फांद्या फुटलेल्या, एकमेकींना जोडून बहुकोनी जाळी करणाऱ्या वाहिन्या दिसल्या. मी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?"

"काहीच नाही हो मॅडम. साधी क्रीम लावून राहिली, चार वर्षांपासून."

साधी क्रीम पर्समध्येच होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, तिन्ही एकत्र. वांग घालवण्यासाठी नणंदेने सुचवलेली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालेली. वांगावर अशी तिहेरी औषधं त्वचारोगतज्ज्ञही देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. इथे ती रोज रात्री, चार वर्षं, फेअरनेस क्रीम म्हणून लावली गेली होती.

यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा महिन्याभरात उजळ, नितळ दिसतो. लोक फसतात ते इथेच. त्याच वेळी आत त्वचेतलं कोलॅजन तयार होणं मंदावतं, बारीक वाहिन्यांना धरून ठेवणारा आधार विरत जातो आणि त्या कायमच्या रुंदावतात. क्रीम एक दिवस चुकली की आकसलेल्या वाहिन्या उसळून फुलतात, चेहरा जळतो, आणि माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उघडतो. बाईंनी हे स्वतःच सांगितलं: "एक दिवस नाही लावली तर चेहरा भाजल्यासारखा होतो. म्हणून तर लावतो आम्ही." क्रीमने केलेली जखम क्रीमनेच झाकायची, असं चक्र होतं.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरीही माझ्याकडे चेहऱ्यावरच्या लाल धाग्यांसाठी येणाऱ्या बाया-पोरींच्या पर्समध्ये बहुतेक वेळा अशी एक ट्यूब निघते. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो त्या मुलींवर नसतो.

तरी ट्यूब सापडली म्हणजे निदान झालं, असं मी धरून चालत नाही. चेहऱ्यावर लाल वाहिन्या दिसण्याची इतर कारणं एकेक करून बाजूला काढावी लागतात. ओठांवर, जिभेवर लाल ठिपके आहेत का, नाकातून वारंवार रक्त येतं का, हे विचारलं, कारण वाहिन्यांचा एक आनुवंशिक आजार असा सुरू होतो. सांधे दुखतात का, उन्हात पुरळ येतं का, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, हे ल्यूपस आणि स्क्लेरोडर्मा या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांसाठी. मधोमध ठिपका आणि भोवती कोळ्याच्या पायांसारख्या वाहिन्या असा आकार कुठे आहे का, हेही पाहिलं. तसा आकार असेल तर मधला ठिपका दाबल्यावर सगळं फिकं पडतं आणि सोडल्यावर मधूनच बाहेर भरत जातं, आणि असे ठिपके बरेच असतील तर यकृताची चौकशी करावी लागते. यातलं काहीच नव्हतं. ल्यूपससारख्या आजारांसाठीची एएनए ही रक्तचाचणी निगेटिव्ह आली, यकृताच्या तपासण्या नीट होत्या. रोजेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणारा जुनाट त्वचारोग, हा सर्वांत जवळचा पर्याय होता. आपल्या सावळ्या त्वचेत तो होत नाही, हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे. होतो, फक्त लाली कमी दिसते म्हणून सुटून जातो. पण बाईंची पातळ झालेली त्वचा, वाढलेली लव, आणि क्रीम सुटताच उठणारी आग स्टेरॉइडकडेच बोट दाखवत होती.

मग मी त्यांना त्या दिवशी सगळ्यांत न आवडणारी गोष्ट सांगितली. डोळ्याखालच्या शिरेला मी हात लावणार नाही. गालावरच्या वाहिन्यांना लेसर करता येईल, पण आत्ता नाही. आणि क्रीम बंद करायची, म्हणजे लग्नापर्यंत चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल.

नवऱ्याने विचारलं, "लग्न झाल्यावर बंद केली तर नाही चालणार का जी?"

प्रश्न रास्त होता. चार वर्षं लावलेल्या क्रीमने आणखी सात आठवड्यांत जीव जाणार नव्हता. पण मे महिना मागून येत होता. फेब्रुवारीत क्रीम बंद केली असती तर उसळीचे सगळे महिने उन्हाळ्यात पडले असते, आणि जळजळणाऱ्या, पातळ त्वचेसाठी नागपूरच्या उन्हाळ्यासारखा वाईट काळ नाही. हे सगळं मी त्यांच्यासमोर मांडलं आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं. दोन दिवसांनी फोन आला. "बंद करते. भाचीला सांगून टाकलं, मावशी लाल दिसेल म्हणून."

शिरेला नकार का दिला, तेही सांगते. या नकाराने बाई सर्वांत जास्त दुखावल्या होत्या. पायांवरच्या शिरांमध्ये औषध टोचून त्या बंद करतात, हे त्यांच्या एका मैत्रिणीने करून घेतलं होतं. मग इथे का नाही? पायांतल्या शिरांचं रक्त वर हृदयाकडे जातं. डोळ्याभोवतीच्या शिरा मात्र कोपऱ्यातल्या अँग्युलर शिरेमार्फत डोळ्याच्या खोबणीतल्या शिरांना, आणि त्यांच्यामार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीला जोडलेल्या आहेत. या भागात रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. टोचलेलं औषध किंवा त्याने तयार झालेली गुठळी कुठे जाईल, हे टोचणाऱ्याच्या हातात राहत नाही. दिसण्यासाठी करायच्या उपचारात दृष्टी पणाला लावणं मला मान्य नाही. लेसरने ही शीर बंद करता येते, पण त्यासाठी लागणारा १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही आणि बुब्बुळ, भिंग पार करून थेट पडद्यावर पोहोचतो. म्हणून पापण्यांच्या आत धातूची कवचं बसवून, अनुभवी हातानेच ते करावं लागतं. मी ते करत नाही. करणाऱ्यांकडे पाठवू शकते, असं त्यांना सांगितलं. सोबत हेही सांगितलं की ती शीर निरोगी आहे, तिचं काम करते आहे, आणि लग्नात निळ्यावर नारिंगी छटेचं करेक्टर लावलं तर ती फोटोत दिसणार नाही. करेक्टरचं त्यांना पटलं. बाकीचं त्या दिवशी पटलं नाही.

क्रीम एकदम तोडली नाही. दोन आठवडे हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टेरॉइडवर आणलं, मग एक दिवसाआड, मग बंद. सोबत दाह कमी करणारं, स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम, सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळीने ऊन जास्त बाधतं, म्हणून हिवाळ्यातच ती उरकणं बरं होतं. साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर. वाफ नाही, ब्लीच नाही, लग्नाच्या आधी फेशियल तर अजिबात नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा सर्वांत वाईट गेला. गाल सुजले, पुळ्या उठल्या, रात्री पंख्याखाली ओला रुमाल ठेवून झोपायच्या. तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा त्या रडत होत्या, आणि ट्यूब अजून कपाटातच आहे, हे त्यांनीच सांगितलं. मी नवऱ्याला ती फेकायला लावली. लग्न २७ तारखेला झालं. त्या गेल्या, लाल चेहऱ्याने, करेक्टर लावून. नंतर मला एक फोटो दाखवला. त्यात डोळ्याखालची शीर दिसत नव्हती. लाली दिसत होती, आणि त्या भाचीच्या शेजारी उभ्या होत्या.

मार्चपर्यंत जळजळ गेली. एप्रिलमध्ये पुळ्या थांबल्या. मग गाल शांत झाले आणि लाल धागे आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागले, कारण भोवतीची लाली उतरली होती. स्टेरॉइडने ताणलेल्या बारीक वाहिन्यांपैकी काही महिन्यांत आपोआप आकसतात. ज्या रुंदावून बसल्या त्या मलमाने जात नाहीत. त्यांना लेसर लागतो. बाईंना लगेच करून घ्यायचं होतं. मी पावसाळ्यापर्यंत थांबवलं. मे महिन्याच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर लेसर लावला तर तो वाहिनीबरोबर त्वचेलाही भाजतो.

हे असं का, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. लेसरने रक्तवाहिनी बंद करण्याचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. रक्तातलं हिमोग्लोबिन ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतं. तोच प्रकाश इतक्या कमी वेळासाठी द्यायचा की वाहिनी तापून बंद पडेल, पण उष्णता बाजूच्या त्वचेत पसरायच्या आत प्रकाश थांबेल. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा केटीपी आणि ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर हिमोग्लोबिनला बरोबर गाठतात. गोऱ्या त्वचेवर ते उत्तम काम करतात. आपल्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त, आणि मेलॅनिनही हाच प्रकाश अधाशासारखा शोषतं. वाहिनीपर्यंत पोहोचायच्या आतच किरण वरच्या थरात अडकतो, तिथे भाजतो आणि मागे तपकिरी डाग किंवा पांढरा ठिपका ठेवतो. आयपीएल या प्रखर प्रकाशाच्या यंत्रात तर एक ठरावीक तरंगलांबीही नसते, ५०० नॅनोमीटरच्या पुढचा पसरट झोत असतो. सावळ्या गालांवर आयपीएलच्या काचेच्या आकाराचे तपकिरी चौकोन घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

१०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेसरला मेलॅनिन तेवढं अडवत नाही. तो खोल जातो. पण हिमोग्लोबिनही त्याला कमीच शोषतं, म्हणून ऊर्जा जास्त द्यावी लागते. दुखतं जास्त, आणि वाहिनी बंद होणं आणि त्वचा भाजणं यांतलं अंतर फार थोडं उरतं. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी १९७५ ची. आधी ती गोऱ्या लोकांसाठीच होती, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. यंत्रांसोबत येणारे तक्ते वाचताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. बाईंची त्वचा पाचव्या प्रकारात बसत होती. मी वापरलेले आकडे इथे मुद्दाम देत नाही. ते यंत्रागणिक बदलतात, आणि दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे बघून आपलं यंत्र लावणं धोक्याचं आहे.

जूनच्या शेवटी, पाऊस स्थिरावल्यावर, कानासमोर एका बारीक वाहिनीवर लेसरचे चाचणीचे तीन ठोके दिले आणि पाच आठवडे वाट पाहिली. डाग पडला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिली बैठक झाली. दोघींच्या डोळ्यांवर संरक्षण, त्वचेवर गार काच, आणि एका जागी एकच ठोका. पुन्हा त्याच जागी नाही. हा नियम मी स्वतःशी मोठ्याने म्हणते. वाहिनी क्षणात नाहीशी झाली किंवा गडद झाली की पुरे. त्वचा राखाडी-पांढरी पडली तर जास्त झालं. बाईंना ते रबर बँड तापवून मारल्यासारखं वाटलं. दोन दिवस सूज राहिली. सहा आठवड्यांनी गालावरचे निम्म्याहून अधिक धागे गेले होते.

हे आम्ही फोटोंवरून ठरवलं. आल्यावर वीस मिनिटं थंड खोलीत बसायचं, मगच फोटो, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून. उन्हातून आल्या आल्या काढलेल्या फोटोत कुठलाच उपचार यशस्वी दिसत नाही आणि एसीत तासभर बसून काढलेल्यात सगळेच दिसतात. त्यांनी घरी एक वहीही ठेवली होती, चेहरा कधी पेटतो त्याची. त्यात उन्हाइतकंच नाव होतं सावजी रश्श्याचं आणि चुलीसमोर उभं राहण्याचं. सावजी सोडा असं मी म्हटलं नाही. महिन्यातून एकदा, आणि रस्सा थोडा निवल्यावर, एवढंच ठरलं.

आता माझी चूक. दुसरी बैठक दसऱ्यानंतर ठेवली होती. नवरात्रात बाई कोराडीच्या देवीला पायी जाऊन आल्या होत्या, भर उन्हात. चेहरा ऑगस्टपेक्षा एक छटा गडद झाला होता. मी तो पाहिला, कोराडीबद्दल आम्ही बोललोही, आणि तरी यंत्र ऑगस्टच्याच आकड्यांवर ठेवलं. गडद त्वचेवर ऊर्जा कमी करायला हवी होती, किंवा त्यांना महिनाभराने बोलवायला हवं होतं. उजव्या नाकपुडीच्या खोबणीत, जिथे त्वचा वळते आणि ठोके नकळत एकावर एक चढतात, तिथे दोन मिलिमीटरची जागा पांढरी पडली. मी लगेच थांबले, गार केलं. चौथ्या दिवशी खपली धरली. खपली पडल्यावर तिथे तपकिरी रेघ उरली, आणि रेघेखाली बोटाला जेमतेम जाणवेल असा खळगा.

बैठकीच्या दिवशीच मी त्यांना सांगितलं की हे माझ्या हातून झालं. त्यानंतरच्या उपचाराचे पैसे घेतले नाहीत. डाग फिका करणारं अझेलाइक ॲसिड दिलं, आणि लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, कारण सावळ्या त्वचेवर डाग गडद करायला नुसता अतिनील किरणच नाही, दिसणारा प्रकाशही पुरतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. आता माझ्याकडे प्रत्येक बैठकीच्या आधी कानामागची आणि गालाची त्वचा शेजारी शेजारी धरून फोटो निघतो. दोघींत फरक वाढला असेल तर त्या दिवशी लेसर होत नाही, पेशंट चंद्रपूरहून आलेला असला तरी.

तिसरी बैठक केलीच नाही. नाकाजवळ पाच-सहा धागे उरले होते, आणि ते काढायला मी तयार होते, डाग पूर्ण गेल्यावर. बाईच म्हणाल्या, "राहू द्या आता. एवढे तर सगळ्यांनाच असतात." फेब्रुवारीत रेघ फिकी होऊन त्वचेत मिसळली होती. खळगा आहे, तिरक्या उजेडात दिसतो. मूळचा वांग थोडा परतला आहे. तो सनस्क्रीन आणि अझेलाइकवरच सांभाळतो आहोत. डोळ्याखालची शीर होती तशीच आहे. लेसर करणाऱ्या एका सहकाऱ्याचं नाव मी त्यांना लिहून दिलं होतं. त्या अजून गेलेल्या नाहीत. करेक्टर मात्र पर्समध्ये असतं.

फेब्रुवारीतल्या त्या भेटीत सोबत नणंदही आली होती, दाखवायला म्हणून नाही, सोबत म्हणून. बाईंनीच तिला पुढे केलं आणि म्हणाल्या, "हिची पण बघा नं मॅडम पर्स." तीच ट्यूब होती, अर्धी संपलेली. तिचे गाल गोरे, नितळ दिसत होते. डर्मोस्कोप लावला तेव्हा नाकाच्या बाजूला पहिल्या दोन वाहिन्या दिसल्या. बाईंनी आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडून तिच्यासाठी काढलं, आणि मी हायड्रोकॉर्टिसोनचं वेळापत्रक त्यावर लिहायला घेतलं.